सेबिनच्या गाद्या आणि मामाचा डग्गा

सुरुवातीलाच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठी हा माझी टक्केवारी खाली ओढणारा विषय होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात आणि वाचकांनीही जास्त मनावर घेऊ नयेत.

लेख आहे वॉलेस सेबिन या माणसावर. आमच्या हॉस्टेलमधल्या सिव्हिलवाल्यांना हे नाव एका फॉर्म्युल्यापुरतं माहीत असतं. हॉलचं आकारमान घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा, आणि हॉलमधल्या सगळ्या वस्तू मिळून जेवढा आवाज शोषतात त्या आकड्याने भागा. उत्तर येतं ते सेकंदात, म्हणजे आवाज बंद केल्यावर तो हॉलमध्ये किती वेळ घुमत राहतो ते. माझी रूममेट हा फॉर्म्युला मोठ्याने पाठ करायची म्हणून मलाही पाठ झाला. त्यामागे कोणी हाडामांसाचा माणूस असेल, तो रात्र रात्र जागला असेल, असं काही डोक्यात आलं नव्हतं. ते आलं मामामुळे.

माझा मामा भाईंदरला राहतो. तोच माझा लोकल गार्डियन. रविवारी रात्री मेस बंद असते, म्हणून मी मामीच्या हातचं जेवायला जाते. मामाने रिटायर झाल्यावर आयुष्यभराची हौस भागवली. छातीएवढे उंच दोन स्पीकर, वेगळा अॅम्प्लिफायर, जाडजूड वायरी! खरी किंमत मामीला अजून सांगितलेली नाही (हा अंक तिच्या हाती पडणार नाही याची काळजी मी घेतली आहे). दुकानात ऐकलं तेव्हा म्हणे तबलजी समोर बसल्यासारखा वाटत होता. घरी आणल्यावर मात्र डग्ग्याचा प्रत्येक बोल रिकाम्या पिंपावर बुक्की मारल्यासारखा येऊ लागला. मधेच एखादा खर्जातला सूर गायबच! खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले. मामाने मग जाड पडदे लावले, गालिचा आणला. त्याने झालं भलतंच. गाणाऱ्याचा आवाज मंद झाला आणि पिंप आणखी मोठं वाटायला लागलं. मामा इतका वैतागला की एकतर चांगला इक्वलायझर घेऊ, नाहीतर सगळं विकून टाकू, या निर्णयाला आला. आणि भाची इंजिनिअरिंगला आहे म्हटल्यावर निकाल द्यायचं काम माझ्याकडे आलं. आता भाचीला सिग्नल्सच्या पेपरात किती मार्क पडले ते मामाला कुठे माहीत होतं!

असो. मामाचं काय झालं ते पुढे येईलच. आधी सेबिन.

वॉलेस क्लेमंट सेबिनचा जन्म १३ जून १८६८ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या रिचवूड या छोट्या गावात. पोरगा हुशार. अठराव्या वर्षी, १८८६ मध्ये, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून पदवी घेऊन मोकळा. (आपण अठराव्या वर्षी फर्स्ट इयरच्या ग्राफिक्सच्या शीट्स जीटी मारून पुऱ्या करत असतो.) पुढे हार्वर्डला गेला, १८८८ मध्ये एम.ए. झाला आणि तिथेच फिजिक्स शिकवायला लागला. पीएच.डी. त्याने कधीच केली नाही, हे मुद्दाम सांगते. एका अख्ख्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाच्या नावामागे ती अक्षरं लागली नाहीत. आणि मुख्य म्हणजे तोपर्यंत त्याचा आवाजाच्या अभ्यासाशी काही संबंधही नव्हता. त्याचं काम वीज आणि प्रकाश यांवरचं.

१८९५ मध्ये हार्वर्डच्या आवारात फॉग आर्ट म्युझियम नावाची नवी इमारत उभी राहिली. आर्किटेक्ट रिचर्ड मॉरिस हंट, म्हणजे त्या काळातलं फार मोठं नाव. इमारतीत एक देखणा अर्धवर्तुळाकार लेक्चर हॉल होता. एकच अडचण होती. त्यात लेक्चर देता येत नव्हतं! बोललेला शब्द साडेपाच सेकंद हॉलमध्ये फिरत राहायचा. साडेपाच सेकंदांत माणूस दहा-पंधरा शब्द सहज बोलतो. म्हणजे पहिला शब्द विरायच्या आत पुढचे सगळे त्याच्यावर येऊन पडणार आणि मागच्या बाकांवर नुसता गलका पोचणार. युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट होते चार्ल्स एलियट. त्यांनी हे लफडं सेबिनच्या गळ्यात मारलं. वय सत्तावीस, खात्यातला ज्युनिअर. अशी कामं ज्युनिअरकडेच येतात, हे इथल्या लॅब असिस्टंट मंडळींनाही पटेल!

त्या काळी हॉलचा आवाज चांगला की वाईट हे नशिबावर असायचं. इंग्लंडात लॉर्ड रॅलेने ध्वनीवरचा मोठा ग्रंथ १८७७-७८ मध्येच लिहून ठेवला होता. बंद पेटीतली हवा कोणकोणत्या सुरांवर घुमेल याचं गणितही त्यात होतं. पण खुर्च्या, पडदे, माणसं, लाकडी छत अशा खऱ्या हॉलमध्ये आवाज किती सेकंद टिकेल, हे कोणी आकड्यात सांगू शकत नव्हतं. लोक उगाच भिंतीपासून भिंतीपर्यंत तारा ताणून बघायचे, त्याने आवाज सुधारतो अशी समजूत होती. सेबिनकडे मायक्रोफोन नव्हता, ऑसिलोस्कोप नव्हता. ही यंत्रं यायची होती. त्याच्याकडे होती ऑर्गनची एक नळी, ती वाजवायला दाबलेल्या हवेची टाकी, वेळ मोजायचं यंत्र, आणि स्वतःचे दोन कान. नळीचा सूर होता सेकंदाला ५१२ कंपनांचा. नळी वाजवायची, हवा बंद करायची आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत किती वेळ गेला ते नोंदवायचं. बस्स. नळीचा आवाज ऐकू येण्याच्या किमान पातळीच्या साधारण दहा लाख पट असायचा. आज आपण पुस्तकात साठ डेसिबल घट असं जे वाचतो, ते साठ इथून आलेत.

दिवसा गाड्यांचा, माणसांचा आवाज. म्हणून काम चालायचं मध्यरात्र ते पहाट. आणि इथे त्या गाद्या येतात. जवळच सँडर्स थिएटर होतं, आवाजाच्या बाबतीत उत्तम म्हणून नावाजलेलं. त्याच्या बाकांवर गाद्या होत्या. सेबिन आणि त्याचे मदतनीस थिएटर रिकामं झालं की या गाद्या उचलून फॉगच्या हॉलमध्ये आणायचे. थोड्या मांडल्या, मोजलं. आणखी मांडल्या, परत मोजलं. आणि उजाडायच्या आत सगळ्या गाद्या परत नेऊन जागच्या जागी! हॉस्टेलच्या पब्लिकला रात्री गाद्या हलवण्याचा भरपूर अनुभव आहे, पण विज्ञानासाठी कोणी हलवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गाद्या वाढत गेल्या तसा घुमण्याचा वेळ कमी होत गेला. हॉल पार भरून टाकला तेव्हा साडेपाचावरून तो एका सेकंदाच्या थोडा वर आला.

मला या सगळ्यात सर्वात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. काही काळाने त्याच्या लक्षात आलं की आकडे थोडे थोडे सरकतायत. कारण? त्याचे स्वतःचे कपडे! हॉलमध्ये बसलेला माणूससुद्धा आवाज शोषतो, आणि कोट जाड की पातळ यावर किती शोषणार ते ठरतं. झालं, तीन हजारांहून जास्त नोंदी त्याने रद्द केल्या. तेव्हापासून मोजणीला बसताना ठरलेलाच पोशाख: तोच निळा हिवाळी कोट, त्याच पँट, तेच बूट. उन्हाळा असो नाहीतर हिवाळा. आपण प्रॅक्टिकलला तीन रीडिंग घेऊन चौथं शेजारणीचं बघून लिहितो. ग्राफवर एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर पेन्सिलने हळूच आत घेतो. तीन हजार! हे वाचलं त्या रात्री मी माझं जर्नल उघडलं आणि परत बंद केलं.

मोजमापासाठी त्याने एकक घेतलं उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे ती शंभर टक्के शोषक. मग गादी, माणूस, गालिचा, प्लॅस्टर, प्रत्येक गोष्ट किती खिडकीएवढी, ते काढायचं. आज एक चौरस फूट उघड्या खिडकीएवढ्या शोषणाला सेबिन असंच म्हणतात.

दोन वर्षं उलटली तरी गडी मोजतोच आहे. एलियटसाहेबांना हॉल हवा होता, आकडे नको होते. त्यांनी तंबी दिली. मग सेबिनने भिंतींवर ठरावीक भागात केसांच्या नमद्याचं, म्हणजे फेल्टचं आवरण बसवलं आणि १८९८ मध्ये हॉल वापरण्याजोगा झाला. फार सुंदर नाही, पण समोरचा काय बोलतोय ते कळायला लागलं.

त्याच वर्षी बॉस्टनला नवं संगीतगृह बांधायचं घाटत होतं. आर्किटेक्ट चार्ल्स मॅकिम, पैसा हेन्री ली हिगिन्सनचा. एलियटने सेबिनचं नाव सुचवलं. आणि हा पठ्ठ्या सुरुवातीला तयारच होईना, कारण त्याच्याकडे आकडे होते, नियम नव्हता. घरी येऊन जुनी कागदपत्रं काढली. शोषण एका अक्षावर, वेळ दुसऱ्या अक्षावर, आणि ऑक्टोबर १८९८ मधल्या एका संध्याकाळी त्याला दिसलं की ही वक्ररेषा हायपरबोला आहे. दोन्हींचा गुणाकार कायम! असं सांगतात की तो धावत गेला तो आईकडे, आणि तिला हायपरबोलाची बातमी दिली. आईला त्यातलं काय कळलं असेल देव जाणे. माझ्या आईला मी गेट पास झाल्याचं सांगितलं तर ती कुठलं गेट विचारेल. पण सांगायला आईच लागते.

त्या एका रेषेवर मॅकिमचा आराखडा तपासला गेला. आधीचा अर्धवर्तुळाकार ग्रीक थिएटरसारखा विचार बाजूला पडला आणि हॉल झाला लांबट, अरुंद, उंच, बुटाच्या खोक्यासारखा. जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्रसिद्ध हॉलच्या धर्तीवर. १५ ऑक्टोबर १९०० ला सिम्फनी हॉल उघडला. बांधायच्या आधी आवाजाचं गणित करून बांधलेला जगातला पहिला हॉल. पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी डोक्यावर घेतला वगैरे काही नाही हं, काही टीकाकारांनी नाकं मुरडली. सेबिनने काढलेला घुमण्याचा वेळ होता २.३१ सेकंद. नंतर आधुनिक यंत्रांनी मोजला तेव्हा भरल्या हॉलमध्ये तो दोनच्या आतच निघाला. म्हणजे उत्तर बरोबर नव्हतं, पण हॉल उत्तम होता! आजही जगातल्या सर्वोत्तम दोन-तीन संगीतगृहांत त्याची गणना होते.

इथवरची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत सापडते. पण मामाच्या कामाची गोष्ट पुढे आहे.

आठवा, सगळी मोजणी एकाच सुरावर झाली होती, ५१२ वर. सेबिनला ते डाचत होतं. त्याने सगळं काम पुन्हा सुरू केलं, या वेळी ६४ कंपनांच्या खर्जापासून थेट ४०९६ पर्यंत, प्रत्येक वस्तू प्रत्येक सप्तकात. १९०६ मध्ये त्याने हे छापलं. आणि त्यातून जे निघालं ते पाहून मी मामाला लगेच फोन लावला. कापूस, फेल्ट, गाद्या, पडदे असल्या मऊ वस्तू वरचे सूर भराभर गिळतात, पण खालच्या सुरांना त्या जवळजवळ हातच लावत नाहीत. म्हणजे खोलीत कापड वाढवत गेलं की वरचा आवाज मरतो आणि खालचा तसाच घुमत राहतो. मामाच्या पडद्यांनी हेच केलं होतं. उलट लाकडी पातळ फळ्यांचं आवरण खर्ज शोषतं, कारण ती फळी स्वतः हलते. परदेशातल्या लाकडी सांगाड्याच्या, पातळ भिंतींच्या घरांत थोडाफार खर्ज असाच भिंतीतून निसटतो. आपल्याकडे विटा, सिमेंट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. मीरा-भाईंदरच्या टॉवरमधला हॉल म्हणजे आवाजाच्या दृष्टीने दगडी हौदच.

आणि लांबीचा प्रश्न आहेच. ७५ हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेचार मीटर लांब असते. तिला अडवायला साधारण तिच्या चौथ्या हिश्शाएवढी जाडी लागते, म्हणजे भिंतीला सव्वा मीटर जाड कापूस! मामाचा पडदा अर्धा सेंटिमीटरसुद्धा नसेल.

पण सेबिनचा फॉर्म्युला मामाच्या हॉलला लावला तर? इथे मी चांगलीच आपटले. वहीभर हिशोब केला आणि मग कळलं की तो फॉर्म्युला धरून चालतो की आवाज हॉलभर सगळीकडे सारखा मिसळलाय. मोठ्या सभागृहात हे खरं असतं. लहान खोलीत खालच्या सुरांना ते लागूच पडत नाही. जर्मन शास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर याने १९५४ मध्ये याची सीमारेषा काढून दिली. मामाचा हॉल पंधरा बाय दहा फूट, उंची नऊ. त्याच्यासाठी ती सीमा सव्वादोनशे-अडीचशे हर्ट्झच्या आसपास येते. त्याच्या वर सेबिनचं राज्य, खाली रॅलेचं. खाली प्रत्येक सूर स्वतंत्र वागतो.

कसा, ते बादलीतल्या पाण्यासारखं आहे. बादली ठरावीक लयीत हलवली की पाणी काठावर उसळतं आणि मधे शांत राहतं. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा, पहिला घुमणारा सूर मिळतो. पंधरा फूट लांबीला तो आला साडेसदतीस हर्ट्झ, त्याची दुप्पट ७५. दहा फूट रुंदीला ५६. मामाचा सोफा मागच्या भिंतीला टेकून, म्हणजे बरोब्बर जिथे ७५ ची लाट सर्वात जास्त उसळते तिथे. आणि मामा बसतो सोफ्याच्या मधोमध, म्हणजे रुंदीतल्या ५६ च्या लाटेचा जिथे पूर्ण शून्य असतो तिथे! पिंप आणि गायब सूर, दोन्ही आरोपी सापडले.

पुढच्या रविवारी आम्ही मोजायला बसलो. फोनवरच्या अॅपमधून एकेक सूर सोडायचा, एका वेळी एकच स्पीकर चालू, दुसरा फोन मामाच्या कानाच्या उंचीवर ठेवून पातळी बघायची. पंखा बंद, मामीला मिक्सर लावायला बंदी. सेबिनच्या स्मरणार्थ मी मामाला कपडे न बदलायची ताकीद दिली. (त्या सुरांना कपड्यांनी काही फरक पडत नाही, पण मजा!) ७५ च्या आसपास डोंगर आणि ५६ ला खड्डा, कागदावर अगदी स्वच्छ उमटले.

आता इक्वलायझर. आपल्या घरांत नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टीमवर ज्या दांड्या असायच्या, दोन्ही टोकं वर आणि मधलं खाली असं हसरं तोंड करून ठेवलेल्या, तेच ते यंत्र. मुळात ते आवडीनिवडीसाठी नव्हतंच. टेलिफोनच्या लांब तारेत काही सूर जास्त गळायचे, ते परत सारखे करायला, म्हणून नाव इक्वलायझर. खोलीसाठी त्याचा शिस्तीत वापर १९६० च्या दशकात टेक्सासच्या सी. पी. बोनर या प्राध्यापकाने केला. आधी मोजायचं, मग खोली जिथे घुमते नेमका तेवढाच अरुंद पट्टा कापायचा. दांड्यांचा इक्वलायझर यासाठी फार रुंद कापतो. ६२ ची दांडी खाली ओढली की ५६ आणि ७५ दोन्ही खाली जातात. त्यासाठी पॅरामेट्रिक लागतो, ज्यात कुठे, किती रुंद आणि किती खोल हे तिन्ही आपण ठरवतो.

डोंगर कापणं जमतं. आणि नीट, त्याच्याच रुंदीचा कट मारला तर त्या सुराची मागे रेंगाळणारी शेपूटसुद्धा आखूड होते, म्हणजे बुक्कीचा पुन्हा डग्गा होतो. खड्डा मात्र भरत नाही. मामाने माझं न ऐकता ५६ ला दहा डेसिबल वाढवून पाहिले. दहा डेसिबल म्हणजे अॅम्प्लिफायरला दहापट पॉवर! आवाज गेला भिंतींकडे, स्पीकरचा पडदा नको इतका आतबाहेर व्हायला लागला, आणि मामाच्या जागेवर खड्डा तसाच. शून्याला कितीने गुणणार? तिथे एकच उपाय, माणसाने हलायचं. शिवाय इक्वलायझरने केलेली दुरुस्ती एका डोक्याच्या जागेपुरती असते. मामासाठी कापलेलं ७५ शेजारच्या खुर्चीवरच्या मामीला कमी पडू शकतं. माझं मत विचाराल तर मोजल्याशिवाय इक्वलायझर विकत घेणं म्हणजे रक्त न तपासता औषध घेणं. पण मोजून, आणि फक्त कापण्यासाठी वापरला, तर मामाच्या हॉलसारख्या ठिकाणी त्याच्याइतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं काही नाही. सव्वा मीटर कापसाला जागा कोणाकडे आहे?

शेवटी तह असा झाला. सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे (तेवढ्यानेच ७५ साडेतीन डेसिबलने उतरतो), मामा मधोमध न बसता थोडा डावीकडे, उरलेला डोंगर इक्वलायझरने कापलेला. जाड पडदे निम्मे काढले. स्पीकर विकायची भाषा थांबली आहे. मामी मात्र झाडू मारताना दर शनिवारी सोफा परत भिंतीला लावते, म्हणून मी टाइल्सवर हिरव्या टेपने खुणा करून ठेवल्यात.

सेबिनकडे परत येते. १९०६ पासून तो हार्वर्डच्या अप्लाइड सायन्स विभागाचा डीन झाला. आपल्या डीनसारखीच त्याचीही अर्धी शक्ती फायलींत गेली असणार, तरी मोजणी सुटली नाही. नाट्यगृहांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यात ठिणगी पाडायची आणि हवेत पसरणाऱ्या आवाजाच्या लाटेचा फोटो काढायचा, हा त्याचा उद्योग १९१३ मध्ये छापून आला. चर्चच्या दगडी छतांसाठी आवाज शोषणाऱ्या फरशा त्याने ग्वास्ताविनो नावाच्या बांधकाम कंपनीबरोबर बनवल्या. तोवर पहिलं महायुद्ध पेटलं होतं. तो युरोपात गेला, पॅरिसला शिकवलं, युद्धाच्या तांत्रिक कामात पडला. तिथेच मूत्रपिंडाचं दुखणं जडलं. ऑपरेशनची गरज होती, ते तो पुढे ढकलत राहिला. परत आल्यावरही हार्वर्डचे वर्ग आणि सरकारी काम दोन्ही एकदम चालूच.

इलिनॉयमधल्या जिनेव्हा गावात जॉर्ज फेबियन नावाच्या श्रीमंत माणसाने खास त्याच्यासाठी प्रयोगशाळा बांधली. जाड भिंतींची, बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा त्याला दिवसासुद्धा मोजता आलं असतं. १९१८ मध्ये ती तयार झाली. १० जानेवारी १९१९ ला, पन्नाशीत, सेबिन गेला. ऑपरेशन झालं, पण उशिरा. त्या प्रयोगशाळेत त्याला काम करता आलं नाही. ती पुढे चालवली त्याच्या दूरच्या भावाने, पॉल सेबिनने. त्याच वर्षी जूनमध्ये तिकडे इंग्लंडात रॅलेही गेला. सेबिनचे सगळे निबंध एकत्र करून १९२२ मध्ये पुस्तक निघालं. फार जाड नाही. त्याने लिहिलं कमी आणि मोजलं जास्त.

आणि तो फॉगचा हॉल? म्युझियम १९२७ मध्ये दुसऱ्या इमारतीत हललं. जुन्या इमारतीला आर्किटेक्टच्या नावावरून हंट हॉल म्हणायला लागले आणि १९७३ मध्ये ती पाडली. त्या जागी आता कॅनडे हॉल आहे. फर्स्ट इयरच्या मुलांचं हॉस्टेल.